रेणूंमधली ओढ

आमच्याकडे दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक खाली येते, आणि ती खाली आली की मी तिच्याजवळ जाऊन बसतो. तिच्यात माझ्या मास्तरकीतली जुनी गुणपुस्तके आहेत. घरच्या मंडळींना ती रद्दीत घालायची घाई आहे, मला नाही. यंदा हाताशी आले ते १९८२ सालचे. पाने पिवळी पडली आहेत, पण शाई शाबूत आहे, आणि सहामाहीच्या रकान्यात एका मुलाच्या नावापुढे मी घातलेले ते ठसठशीत शून्यही शाबूत आहे. ते शून्य मला गेली कित्येक वर्षे सलते आहे.

प्रश्न दोन गुणांचा होता. क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड, या दोन द्रवांपैकी कोणता अधिक तापमानाला उकळेल, ते सकारण सांगा. मी वर्गात शिकवले होते ते असे की, ज्या रेणूला विजेची दोन टोके आहेत, एक किंचित धन, एक किंचित ऋण, असे ध्रुवीय रेणू एकमेकांना अधिक घट्ट धरतात. म्हणून ते सुटे करायला अधिक उष्णता लागते. क्लोरोफॉर्म ध्रुवीय, टेट्राक्लोराइड अध्रुवीय. तेव्हा उत्तर उघड: क्लोरोफॉर्म. वर्गातल्या सगळ्यांनी तेच लिहिले. ह्या एका पोराने मात्र लिहिले, ‘कार्बन टेट्राक्लोराइड, कारण तो जड आहे.’ मी फुली मारली. तो पेपर घेऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, “सर, चारही क्लोरीन कुठे जातील मग?” प्रश्न धड मराठीही नव्हता. मी म्हटले, “जागेवर जाऊन बस.” तो बसला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तक्त्यांचे एक जाडजूड पुस्तक सहज चाळत होतो. क्लोरोफॉर्म, ६१ अंश. कार्बन टेट्राक्लोराइड, ७७ अंश. जून उजाडेपर्यंत त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली होती आणि तो दाखला घेऊन गेला होता.

मी चुकलो ते कुठे, हे नीट समजून घ्यायला मला फार मागे जावे लागले. त्या वाटेवर जी माणसे भेटली त्यांची हकीकत फराळाबरोबर वाचायला हरकत नाही, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आरंभ करावा तो मायकेल फॅरडेपासून. १८२३ साली त्याने बंद, वाकड्या काचनळीत क्लोरीन वायूचा द्रव करून दाखवला. पुढे १८४५ पर्यंत त्याने बहुतेक ज्ञात वायू असे नमवले. पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन हे सहा जण काही केल्या वाकेनात. लोकांनी त्यांना ‘शाश्वत वायू’ असे भारदस्त नाव देऊन टाकले. जे जमत नाही त्याला मोठे नाव द्यायचे, ही रीत सगळीकडचीच. मग १८६९ मध्ये टॉमस अँड्र्यूज या बेलफास्टच्या रसायनज्ञाने दाखवले की कर्बवायू ३१ अंशांच्या वर तापलेला असला तर कितीही दाबा, तो द्रव होत नाही. त्याच्या खाली आणला तर होतो. म्हणजे प्रत्येक वायूची अशी एक मर्यादा आहे. ती का आहे, हे मात्र कोणाला सांगता येईना.

ते सांगितले लायडनच्या एका सुताराच्या मुलाने.

योहान्नेस डिडेरिक व्हान डर वाल्स याचा जन्म १८३७ चा. दहा भावंडांत हा थोरला. घरची स्थिती अशी की लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या शाळेत मुलाला घालणे शक्यच नव्हते, आणि त्या दोन भाषा आल्याशिवाय विद्यापीठाची परीक्षा देता येत नसे. तेव्हा हा प्राथमिक शाळेत मास्तर झाला. नोकरी सांभाळून लायडनच्या विद्यापीठात जाऊन व्याख्याने ऐके. ऐकायला बंदी नव्हती, पदवीला होती. आपल्याकडे कितीएक शतके किती जणांना असे उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकावे लागले, आणि पुष्कळांना तर ऐकायचीही मनाई होती, हे आठवले म्हणजे त्या परक्या देशातल्या मास्तराबद्दल एकदम आपलेपणा वाटतो. पुढे कायदा बदलला, शास्त्र शिकणाऱ्यांना त्या भाषांतून सूट मिळाली, आणि १८७३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता वायू आणि द्रव या दोन अवस्थांमधली अखंडता.

त्यात त्याने दोन साध्या गोष्टी मांडल्या. एक, रेणू म्हणजे नुसते बिंदू नव्हेत, त्यांना स्वतःचे आकारमान आहे, ते जागा अडवतात. दुसरी, ते एकमेकांना ओढतात. या दोन गोष्टींसाठी त्याने वायूच्या जुन्या समीकरणात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन राशी घातल्या, ‘अ’ ओढीची आणि ‘ब’ जागेची, आणि अँड्र्यूजचे कोडे सुटले. ठरावीक मर्यादेपेक्षा गरम असलेल्या वायूचे रेणू इतक्या वेगाने धावतात की ती ओढ त्यांना एकत्र बांधून ठेवू शकत नाही. ज्यांची ओढ क्षीण, त्यांना अधिक थंड करावे लागणार. शाश्वत वायू शाश्वत वगैरे काही नव्हते. त्यांच्यातली ओढ कमी होती, इतकेच. १८७७ मध्ये ऑक्सिजनचे धुके दिसले, १८८३ मध्ये क्राकोव्ह येथे तो चांगला भांड्यात उकळताना पाहायला मिळाला, १८९८ मध्ये हायड्रोजनही द्रव झाला.

त्या काळी रेणू खरोखर असतात की ती केवळ हिशेबाची सोय आहे, याबद्दल मोठमोठ्या पंडितांचा वाद चालू होता आणि तो विसावे शतक उजाडले तरी मिटला नव्हता. अशा वेळी एका शाळामास्तराने रेणू जागा अडवतात आणि माया लावतात असे लिहावे, यात धाडस होते. मॅक्सवेलसारख्या थोराने ‘नेचर’मध्ये त्या प्रबंधाची वाखाणणी केली आणि या पुस्तकामुळे एकाहून अधिक अभ्यासक डच भाषा शिकू लागल्याचे सांगितले. १८७७ मध्ये व्हान डर वाल्स ॲम्स्टरडॅमच्या नव्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. पण १८८१ मध्ये त्याची पत्नी क्षयाने गेली. चार मुले पदरात. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे या माणसाने फारसे काही प्रसिद्ध केले नाही. चरित्रकार हे दोन ओळींत सांगून पुढे जातात. मी त्या दोन ओळींपाशी थोडा थांबतो, इतकेच.

त्याच्या सिद्धान्ताची सत्त्वपरीक्षा झाली ती हीलियमवर. हीलियम म्हटले की आपल्या मंडळींना विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून दुर्बीण लावली आणि हीलियम शोधला, असे आपण अभिमानाने सांगतो. सांगायला वाईट वाटते, पण त्या दिवशी लॉकियर विजयदुर्गावर नव्हता. ते ग्रहण पाहून जान्सेनने निरीक्षण केले ते गुंटूरला. लॉकियरने आपले काम त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडातून, ग्रहणाशिवायच केले. तो विजयदुर्गावर आला हे मात्र खरे, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. तोपर्यंत रॅम्झेने १८९५ मध्ये हीलियम पृथ्वीवरही सापडवला होता. असो. किल्ल्याचे वैभव एवढ्याने उणे होत नाही.

तर लायडनला कामरलिंग ओन्नेस याने व्हान डर वाल्सचे गणित हाती धरून, हीलियम किती थंड केला असता द्रव होईल याचा अंदाज बांधला आणि १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून यंत्रे चालू केली. संध्याकाळपर्यंत सगळा हायड्रोजन संपत आला तरी भांड्यात काही दिसेना. तेवढ्यात प्रयोग पाहायला आलेल्या एका प्राध्यापकाने सुचवले की भांड्यावर खालून उजेड पाडून पाहा. पाडला, आणि द्रवाची कड सुरीच्या धारेसारखी चमकली. हीलियम केव्हाच द्रव झाला होता. इतका स्वच्छ की डोळ्यांनाच कळला नव्हता. उणे २६९ अंश. दोन वर्षांनी, १९१० मध्ये, व्हान डर वाल्सला नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु ही ओढ येते कोठून? त्या ‘अ’च्या पोटात काय आहे? याचे उत्तर एका माणसाकडून आले नाही, ते हप्त्याहप्त्याने आले.

पहिला हप्ता पेटर डेबायचा, १९१२ सालचा. हाही डचच, मास्ट्रिख्टचा. त्याची कल्पना समजायला सोपी आहे. दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये वायू भरा आणि पट्ट्यांना वीज जोडा. रेणूला मुळातच धन-ऋण टोके असतील तर ते रेणू वाऱ्यातल्या पताकांप्रमाणे एका दिशेला वळू पाहतील. आता वायू तापवा. धावपळ वाढेल, पताका विस्कटतील आणि विजेवरचा परिणाम उतरेल. जर तापवूनही काही फरक पडला नाही तर समजावे की या रेणूला कायमची टोके नाहीतच. या मापनावरून रेणू न पाहता त्याचा आकार सांगता येऊ लागला. कर्बवायूचे माप शून्य आले. त्यात ऑक्सिजन कार्बनकडचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, हे तर खरे. मग शून्य कसे? कारण दोन ऑक्सिजन कार्बनच्या बरोबर दोन बाजूंना, एका सरळ रेषेत उभे आहेत. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्या असल्या की दोर जागचा हलत नाही. पाण्याचे माप मात्र १.८५ डेबाय (हे एकक पुढे त्याच्याच नावाने झाले). तेव्हा पाण्याचा रेणू सरळ असणे शक्य नाही, तो वाकलेला असला पाहिजे. आहेच, सुमारे साडेचौऱ्याण्णव नव्हे, साडेएकशेचार अंशांच्या कोनात. (ही चूकही मी वर्गात फळ्यावर एकदा केली आहे; लिहिताना पुन्हा हात तिकडेच गेला.)

याच मापाने भावाभावांतला फरकही कळतो. डायक्लोरोएथिलिनचे दोन क्लोरीन एकाच बाजूला असले तर तो रेणू ध्रुवीय आणि उकळतो ६० अंशांना. समोरासमोर तिरपे असले तर अध्रुवीय, उकळतो ४८ ला. अणू तेच, संख्या तीच, बसण्याची जागा वेगळी. माझी वर्गातली शिकवण या उदाहरणाला तंतोतंत लागू पडते, आणि माझा घात झाला तो इथेच. एक उदाहरण जुळले की आपण नियम केला असे वाटते.

दुसरा हप्ता १९२० चा, कॅलिफोर्नियातला. पाणी हे फार लबाड आहे. त्याच्याच कुळातला हायड्रोजन सल्फाइड, तो सडक्या अंड्याच्या वासाचा, पाण्याहून जड. पण उणे ६० अंशांनाच उकळतो. त्या हिशेबाने पाणी उणे ८०च्या आसपास उकळून जायला हवे होते, आणि मग दिवाळीचे अभ्यंगस्नान तर सोडाच, स्नान करणारेही नसते. बर्कलेच्या लॅटिमर आणि रोडबुश यांनी लिहिले की ऑक्सिजनला जडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनलाही हात देतो. त्यांच्याच प्रयोगशाळेत हगिन्स नावाच्या एका विद्यार्थ्याने वर्षभर आधी असाच विचार मांडला होता. हा तो हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या बंधाशी तुलना केली तर सुमारे विसाव्या हिश्श्याचे बळ. पण प्रत्येक रेणूचे चौघांशी असे हात गुंतलेले, म्हणून पाणी शंभरला उकळते. आणि बर्फात हे हात ऐसपैस पसरलेले, म्हणून बर्फ तरंगतो. यासाठी हायड्रोजन नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिन यांच्यापैकी कोणाला तरी जडलेला असावा लागतो. नुसता रेणूत कोठेतरी ऑक्सिजन असून भागत नाही. मद्यार्क आणि डायमिथिल ईथर यांत अणू सारखेच, संख्याही सारखी. मद्यार्कात हायड्रोजन ऑक्सिजनला जडलेला आहे, तो ७८ अंशांना उकळतो. ईथरमध्ये सगळे हायड्रोजन कार्बनला, तो उणे २४ ला.

आता तिसरा हप्ता, माझ्या शून्याचा.

ध्रुवीय रेणू एकमेकांना ओढतात हे कीसोमने दाखवले. ध्रुवीय रेणू शेजारच्या साध्या रेणूलाही आपला गुण लावतो हे डेबायने. पण हीलियम, अरगॉन यांना तर कोणतेच टोक नाही, अंगाने सर्व बाजूंनी सारखे. मग ते द्रव कसे होतात? ही अडचण १९३० मध्ये दूर केली फ्रित्झ लंडन याने. त्याने नव्या क्वांटम गणिताने दाखवले की इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणभरही स्वस्थ नसतो. एका क्षणी तो किंचित इकडे, दुसऱ्या क्षणी तिकडे. तो इकडे कलला की शेजारचा ढगही त्याच्या बेताने कलतो, आणि त्या क्षणापुरती ओढ निर्माण होते. असे क्षण अखंड येत राहतात. ढग जितका मोठा आणि सैल, तितके त्याचे कलणे सोपे आणि ओढ मोठी. म्हणून फ्लोरीन उणे १८८ अंशांना उकळतो, क्लोरीन उणे ३४ ला, ब्रोमीन ५९ ला आणि आयोडीन १८४ ला, यातल्या एकालाही कायमची टोके नसताना.

आणि ही ओढ सर्वांना आहे, ध्रुवीय रेणूंनाही. लंडनने हिशेब मांडला तेव्हा दिसले की हायड्रोजन क्लोराइडसारख्या चांगल्या ध्रुवीय रेणूतसुद्धा परस्पर-ओढीचा सुमारे चार-पंचमांश भाग या क्षणिक कलण्याचाच आहे. पाणी हा अपवाद. तिथे कायमच्या टोकांची सरशी होते. तो हिशेब प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर ओसरीवर जाऊन बसलो होतो. टेट्राक्लोराइडला चार क्लोरीन, चार मोठे ढग. क्लोरोफॉर्मला तीन. क्लोरोफॉर्मकडे टोके आहेत, पण ती तशी बेताची. चौथा ढग त्यांना भारी पडतो. ‘चारही क्लोरीन कुठे जातील मग?’ पोराने नेमके तेच विचारले होते.

लंडनचे पुढे काय झाले? तो ज्यू होता. १९३३ मध्ये बर्लिनमधली त्याची जागा गेली. ऑक्सफर्ड, मग पॅरिस, आणि १९३९ मध्ये अमेरिकेतले ड्यूक विद्यापीठ. वाटेत त्याने अतिसंवाहकतेवर आणि अतिशीत हीलियमच्या विलक्षण वागण्यावर जे काम केले ते आजही मानले जाते. नोबेल मिळाले नाही. १९५४ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी, तो गेला.

तेव्हा एखादा रेणू समोर आला तर काय पाहावे? मी हल्ली नातीला असे सांगतो. आधी त्याचे चित्र काढ, कागदावर सपाट नव्हे, हवेत उभे असल्यासारखे. मग बघ, हायड्रोजन त्या तिघांपैकी कोणाला जडला आहे का. असेल तर हायड्रोजन बंध धर. नंतर कोण कोणाकडे इलेक्ट्रॉन ओढतो त्याचे बाण काढ आणि ते एकमेकांना छेद देऊन शून्य होतात का पाहा. न झाले तर रेणू ध्रुवीय. आणि शेवटी, पण विसरू नकोस म्हणून दोनदा सांगतो, ढग किती मोठा आहे ते पाहा. एवढ्या तेवढ्या फरकाच्या रेणूंची तुलना टोकांवरून करावी. ढगांतच अंतर मोठे असेल तर टोकांचा तोरा चालत नाही. आकारही बघावा. पेंटेनचा लांबट रेणू आणि त्याचाच गोलमटोल भाऊ निओपेंटेन, यांत अणू तेवढेच. पण लांबट शेजाऱ्याला अंगभर टेकतो, गोल फक्त एका ठिकाणी. म्हणून पहिला ३६ अंशांना उकळतो आणि दुसरा साडेनवाला. ताटात शेव आणि लाडू दोन्ही होते, तिला लगेच पटले.

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्यूटेन, कंदिलातले रॉकेल, मेणबत्तीतले मेण, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. कार्बनची साखळी वाढत जाते, ढग वाढत जातो, आणि वायूचा द्रव, द्रवाचा घन होतो. टोके यांच्यात जवळजवळ नाहीतच. अंगाला लावलेले तेल नुसत्या पाण्याने जात नाही तेही यामुळेच: पाण्याचे रेणू आपसांतले हात सोडून तेलाला जागा द्यायला तयार नसतात. शिकेकाईला आणि साबणाला दोन्ही घरी सोयरीक असते, म्हणून ती मध्यस्थी करतात.

आणि भिंतीवरची पाल? तिच्या पायाला ना डिंक ना चोषक. २००० सालच्या सुमारास अमेरिकेत केलर ऑटम आणि त्याच्या सोबत्यांनी टोके नावाच्या मोठ्या पालीची बोटे तपासली. प्रत्येक पायावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस, आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. ते पृष्ठभागाला इतके जवळ टेकतात की व्हान डर वाल्सची ओढच तिला तोलते. २००२ मध्ये त्यांनी पाणी धरणाऱ्या आणि न धरणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर ती सारखीच चिकटते हे दाखवले. सिंहगडाची घोरपड यात आणू नये. ती कथाच आहे, आणि घोरपड नखांनी चढते.

हे सारे सांगून झाल्यावर नातीने गुणपुस्तक पुढे ओढले. “आबा, मग त्याचे शून्य खोडा ना.” मी टाक शोधला, अर्थात बॉलपेनच मिळाले. शून्यावर रेघ मारली आणि थांबलो. ती म्हणाली, “दोन.”

मी म्हटले, “उत्तर बरोबर आहे, पण कारण ‘जड’ असे लिहिले आहे. वजनाने ओढ वाढत नाही, ढगाने वाढते. जड रेणूचा ढग बहुधा मोठा असतो, म्हणून तसे वाटते.”

“पण ते तुम्ही त्याला शिकवलंच नव्हतं!”

बराच वाद झाला. चकल्या गार झाल्या. शेवटी दीडवर तडजोड झाली, आणि रकान्यात १॥ असे लिहून मी खाली सही केली.